खाली केलेली काच

क्लॉन्टार्फ, डब्लिन
सोमवार, २२ जानेवारी

प्रिय फिल,

शनिवार, ६ जानेवारी, संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटं. ड्रमकीलच्या त्या अंगणात पाऊस आडवा येत होता आणि तू गाडीची काच खाली केलीस. माझ्या बाजूची. तुझ्याकडच्या बटणाने. त्याआधीचं सगळं मी एखादे वेळी सोडून दिलं असतं, हे सोडणार नाही. वर 'प्रिय' लिहिलंय ते शाळेतल्या सिस्टर बेनिग्नसच्या धाकाने. पत्र शत्रूला असलं तरी सुरुवात हीच करायची, हे त्या बाईने आपल्या हाडांत मुरवलंय. त्यावरून माझा राग गेला, असं समजू नकोस.

तू रोज फोन करतेस, मी उचलत नाही. उचलला तर तू हसशील. तुझं हसणं कागदावरून ऐकू येत नाही, म्हणून कागद. हे लिहायला बसण्याआधी मी समुद्राकाठच्या रस्त्याने टोकापर्यंत जाऊन आले, परत येऊन किटली लावली, चहा करायचा विसरले, पुन्हा लावली. काल प्रवचनाच्या मध्यातच उठून बाहेर आले. फादरला वाटलं मला भोवळ आली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला एका जागी बसता यायला हवं आणि परवापरवापर्यंत मला येतही होतं. आयुष्यभर मी एकच गोष्ट नीट सांभाळली, माझ्या पोटातलं कुणाला कळू दिलं नाही. ती तू एका दुपारी परक्यांच्या चहाच्या टेबलावर मांडलीस. आता त्या गावात मला कधी तोंड दाखवता येईल की नाही, एवढाच विचार मी दोन आठवडे करते आहे.

तू म्हणशील, घडलं ते मला ठाऊक आहे, मीच तर गाडी चालवत होते. पण तू हसत होतीस, आणि हसणाऱ्या माणसाला अर्धंच दिसतं. म्हणून मी सगळं क्रमाने लिहिते.

बायकांच्या नाताळाला, म्हणजे सहा जानेवारीला, बायकांनी घरातून निघायचं आणि भांडी पुरुषांनी घासायची. आपल्या तिघींकडे भांडी घासायला पुरुष उरलेले नाहीत. तुझा वारला, अ‍ॅटीचा पळाला, माझा आलाच नाही. म्हणून आपण नुसत्याच निघतो. या वर्षी स्लायगोचं हॉटेल, दोन रात्री, समुद्री शेवाळाची अंघोळ. अ‍ॅटी मागच्या सीटवर गुडघ्यांच्या नावाने खडे फोडत, मांडीवर अंड्याची सँडविचेस. कार्लोच्या बाहेरसुद्धा कधी न गेल्यासारखी प्रत्येक वळणाला विचारायची, "आलं का गं?" लायट्रिममध्ये शिरलो तेव्हा कुंपणांवर बर्फाची पांढरी रेघ होती आणि शेतांत पाणी साचलं होतं. समोरून ट्रॅक्टर आला की तू स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचीस, तोही उचलायचा. मी म्हटलं, "यातला एकही तुझ्या ओळखीचा नाही." तू म्हणालीस, "म्हणून काय बोट झिजतंय?"

मग रेडिओवर बातम्या संपल्या आणि त्या भागात कोण कोण वारलं त्याची यादी सुरू झाली. अ‍ॅटी ओरडली, "गप्प बसा गं दोघी, मेलेले लागले!" नेहमीप्रमाणे तू आवाज वाढवलास. मॅथ्यू गिल्हीनी, ड्रमकील, राहत्या घरी, शांतपणे. दर्शन दुपारी दोनपासून. तू रेडिओ बंद केलास. पुढच्या फाट्याला डावीकडे वळलीस.

मी म्हटलं, "स्लायगो सरळ आहे."

"माहीत आहे."

"मग इकडे कुठे?"

"चहा प्यायला. डिंफ्ना, लिपस्टिक आहे का तुझ्याकडे?"

मागून अ‍ॅटी, "कोण गेलं? मी ओळखते? हॅम असेल ना तिथे?"

अ‍ॅटीला काही माहीत नव्हतं. माहीत फक्त तुला होतं, कारण रॅथमाइन्सच्या त्या ओल्या खोलीत आपण दोघी एका पलंगावर झोपायचो आणि मी नाचाहून परत आले की तू माझे बूट पाहायचीस. मॅथ्यू गिल्हीनीने, माझ्या मॅटीने, मला लग्नाचं विचारलं तेव्हा सरकारी कचेरीतल्या बाईने लग्न केलं की राजीनामा द्यायचा, असा नियमच होता. माझ्या पगारावर आई आणि चार भावंडं जेवत होती. मी हे सांगितलं तेव्हा मॅटी म्हणाला, "मी थांबतो." मग त्याचे वडील अंथरुणाला खिळले, तो गावी गेला, शेती आली, गुरं आली. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नियम रद्द झाला. तोवर दोघांपैकी कुणी बोलायला सुरुवात करायची, हेच कळेनासं झालं होतं. त्या दिवशी कचेरीत मी सगळ्यांना केक वाटला. संध्याकाळी तुझ्यासमोर बसून मोजे रफू केले. तू काही विचारलं नाहीस. तुझ्या त्या न विचारण्याच्या आधारावर मी पन्नास वर्षं काढली, फिल. म्हणून राग इतका मोठा आहे.

घरासमोर गाड्यांची रांग होती. पिवळं जाकीट घातलेला एक माणूस टॉर्च हलवत होता, "मागे घ्या, आणखी मागे, बाई, ते कुंपण शेजाऱ्याचं आहे." टोपी डोळ्यांवर, तोंडावर पाऊस. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. गाडी लावणाऱ्याकडे कोण पाहतं? मी आरशात ओठ रंगवत होते. रंग ओठाबाहेर गेला आणि तू ते पाहिलंस, तेही मला दिसलं.

आत घरची माणसं शवपेटीच्या कडेने रांगेत बसली होती. आपण एकेकाचा हात हातात घेत गेलो, "फार वाईट झालं हो", "फार वाईट झालं." अ‍ॅटीचा डोळा टेबलावर. मग मी पेटीपाशी पोचले. केस पांढरे, बोटांभोवती जपमाळ. नाक वेगळं वाटलं. मी मनाशी म्हटलं, तुझं तरी नाक कुठे तेच राहिलंय, डिंफ्ना? मी वाकले आणि त्याच्या कपाळावर ओठ टेकवले. ते फार गार होतं. आणि मग मी, जी आईच्या दफनालासुद्धा ताठ उभी होते, मी मोठ्याने म्हणाले, "थांबतो म्हणाला होतास ना रे." आणि रडले. नाक वाहेपर्यंत रडले. कॉन्व्हेंटची मुलगी उशीत रडते, चारचौघांत नाही, हे सगळं शिकवलेलं कुठे गेलं कोण जाणे.

पेटीच्या डोक्याशी बसलेली बाई, ऊना, माझा हात न सोडता म्हणाली, "कशासाठी थांबणार होता तो, बाई?" मी वेड्यासारखी म्हणाले की आमची नाचाच्या हॉलमध्ये ओळख झाली होती, शेवटचं गाणं संपेपर्यंत हा माणूस खाली बसायचा नाही. ऊना माझ्याकडे पाहतच राहिली. "माझा मॅटी? नाचायचा? अहो, लहानपणी गाढवाच्या गाडीखाली पाय सापडला होता त्याचा. आमच्या लग्नातसुद्धा भिंतीला टेकून टाळ्या वाजवत होता." कोपऱ्यातली म्हातारी आत्या कपातला चहा ढवळत म्हणाली, "अगं, ती टॉमच्या मॅटीची दिसते. हा पॅटचा. टॉमचा बाहेर गाड्या लावतोय."

थोरल्या नातवाला आजोबांचं नाव. त्या आजोबांचे मुलगे दोन, पॅट आणि टॉम, म्हणून थोरले नातू दोन आणि दोघेही मॅथ्यू गिल्हीनी. गावात हाक मारतात ती बापाच्या नावाने, रेडिओवर वाचतात ते बाप्तिस्म्याचं नाव. डब्लिनमध्ये वाढलेल्या माझ्या हे डोक्यात आलं नाही. पण तुझ्या आईच्या घरात एकाच वेळी तीन जॉन होते, फिल! तुला तरी सुचायला नको?

आणि मग ऊना हसली. आधी खांदे हलले, मग ती बाई तोंडावर हात धरून अशी हसली की मुलगे धावत आले. सबंध रांग हसली. "गुरुवारपासून पहिल्यांदा श्वास घेतला मी," ती डोळे पुसत म्हणाली. अ‍ॅटीने माझ्या हातात हॅमचं सँडविच दिलं, जणू त्याने काही होणार होतं. मी पळाले. पळालेच म्हणायचं, कोटाची बटणंही न लावता.

इथवर चूक कुणाचीच नव्हती, हे मी कबूल करते. पण मी गाडीत बसून "चल, चल, चल" म्हणत होते आणि तो माणूस टॉर्च घेऊन आपल्याला वाट करून द्यायला आला. तू बटण दाबलंस. माझ्यासमोरची काच खाली गेली, पाऊस माझ्या मांडीवर आला, आणि तू माझ्या अंगावरून ओणवी होऊन ओरडलीस, "मॅटी! हिने आत्ता आत तुझ्या चुलतभावाचा मुका घेतला, तुझा समजून!"

तो वाकला. टोपी काढली. डोक्यावर चार केस उरलेत, तेही भिजले. नाक मात्र तेच होतं. फार वेळ त्याने माझ्याकडे पाहिलं, निदान मला तरी तो फार वाटला, आणि म्हणाला, "काच लाव, डिंफ्ना. भिजशील."

बस. एवढंच. आणि मी समोरच्या वायपरकडे पाहत ताठ बसले आणि तुला म्हणाले, "चल." तू गाडी काढलीस. बाजूच्या आरशात तो टोपी हातात धरून तसाच पावसात उभा होता. त्याने एक बोट वर केलं, जसं कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला करतात तसं. मी हात मांडीवर ठेवले. स्लायगोपर्यंत तू हसत होतीस आणि अ‍ॅटी विचारत होती, "म्हणजे हा जिवंत आहे तो कोण?"

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. काल संध्याकाळी ऊनाचा फोन आला. नंबर तू दिलास, हे मी तिच्याकडून वदवून घेतलं, त्याचा हिशोब वेगळा. तिच्या मॅटीची महिन्याची मिस्सा, माणूस गेल्यावर महिन्याने फादर म्हणतात ती प्रार्थना, ४ फेब्रुवारीला, रविवारी अकरा वाजता घरीच आहे. मी म्हटलं, मला माफ करा, मी कोणत्या तोंडाने येऊ? ती म्हणाली, "त्याच्यासाठी तुमच्याइतकं मनापासून कुणी रडलं नाही, बाई. माणूस चुकला असेल, रडणं खरं होतं. तुम्ही यायचंच." मग म्हणाली, "टॉमच्या मॅटीला या वेळी गाड्या लावायला ठेवणार नाही. अंगणात तुम्हाला घ्यायला येईल, मग त्याला आत बसवणार आहे. एकटाच असतो तो, जन्मभर एकटाच राहिला. परवा कॅरिकला जाऊन नवीन टोपी घेऊन आलाय, आणि आमच्या ओळखीत तरी त्याने कधी टोपी बदललेली नाही." रविवारी ड्रमकीलला बस जात नाही, मी चौकशी केली आहे. मला गाडी चालवता येत नाही, हे तुला माहीतच आहे. तेव्हा बुधवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी सहा वाजायच्या आत मला तुझं लेखी उत्तर हवं आहे, फोन नको, की तू मला नेणार आहेस किंवा नाही. अटी अशा: रेडिओ बंद. अ‍ॅटीला आणायचं, पण तिने टेबलाकडे पाहायचं नाही. शेवटच्या फाट्याला गाडी थांबवायची, मला ओठ रंगवायचे असतील. आणि अंगणात पोचलो की तू दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचेस. काच या वेळी मी स्वतः खाली करणार आहे.

तुझीच, आणि अजून रागावलेलीच,
डिंफ्ना