लाल टिकलीचा हार्प

७ जून, शनि.
ब्रंचला माउथऑर्गनवर चार गाणी वाजवली. दुसरं बरं गेलं. नंतर अमोलने ऑफिसात बोलावलं. हॉटेलचा मॅनेजर, मूळ ठाण्याचा. मला ताई म्हणतो आणि ताई म्हणत म्हणतच गळा कापतो. स्क्रीनवर पोस्टर दाखवलं: 'कॅनेडियन ब्लूज ब्रंच, २८ जून'. खाली टोपीवाला एक गोरा माणूस, हातात माउथऑर्गन. तोही उलटा धरलेला, खर्जाची बाजू उजवीकडे.

"हा ब्रेंट. आपला रेग्युलर गेस्ट, समोरच्या टॉवरमध्ये इन्शुरन्सला आहे. हौशी आहे, पण एकदम प्रॉपर कॅनेडियन."
"आणि मी?"
"ताई, तुम्ही आहातच ना. बट पोस्टरवर कॅनेडियन लिहिलं की लोकांना कॅनेडियन दिसायला पाहिजे. त्या दिवशी ओनर्सची फॅमिली येतेय."

पर्समधून माझा कॅनडाचा पासपोर्ट काढून त्याच्या टेबलावर ठेवला. म्हणतो, "ताई, पासपोर्ट काय स्टेजवर दाखवणार का आपण?"

घरी येईपर्यंत तळपायाची आग मस्तकात.

८ जून, रवि.
अजून तेच डोक्यात.

सव्वीस वर्षं कॅनडात, हॅमिल्टनला काढली. लग्न होऊन गेले तेव्हा बॅगेत बाबांचा माउथऑर्गन होता. कराडच्या शाळेत ते ड्रिलमास्तर, कवायतीला वाजवायचे. हॅमिल्टनला एका बारच्या किचनमध्ये भांडी घासायचं काम धरलं. बाहेर अर्ल नावाचा म्हातारा वाजवायचा. हार्प हा शब्द त्याच्याकडूनच शिकले, तिकडे माउथऑर्गनला तेच म्हणतात. एक दिवस भांडी घासता घासता त्याचीच गत वाजवली, साबणाच्या हातांनी. तो आत आला, बघत राहिला, म्हणाला, परत वाजव. पुढची सात वर्षं त्याच्यामागे. मग स्वतःचा बँड, दोन रेकॉर्ड, उणे तीस डिग्रीत व्हॅन ढकलणं, साडीवाली म्हणून लोकांचं हसणं, मग ते हसणं बंद होणं. एवढं सगळं करून इथे मी काय, तर 'आहातच ना'.

श्रीला सांगितलं. इथे आखातात आलो ते त्याच्या नोकरीपायी, तीन वर्षं झाली. म्हणतो, "एका दुपारचा तर प्रश्न आहे, सोडून दे." नवरे लोकांना सोडून द्यायला दुसऱ्याचंच मिळतं.

१२ जून, गुरु.
मराठी मंडळातल्या बाईंचा फोन. गणपतीत माउथऑर्गनवर जुनी हिंदी गाणी वाजवाल का, काहीतरी लाईट. "तुमचं ते ब्लूज म्हणजे जरा रडकं ना?"

एकांना मी फार देशी, दुसऱ्यांना फार परदेशी. फोन ठेवला. इशा म्हणाली, "आई, यू वेअर सो रूड." होतेच.

१४ जून, शनि.
ब्रेंट भेटला. पन्नाशीचा, लाजाळू, हात घामट. वर्षभर इंटरनेटवरून शिकलाय. पी हळद नि हो गोरी, हा तर आधीच गोरा. फोटोत हार्प उलटा का, तर म्हणे फोटोग्राफरने फिरवायला लावला, मनगटावरचं घड्याळ दिसावं म्हणून.

त्याच्याकडे दोनच हार्प. अमोल म्हणतो, ताई, तुमची हार्पची पेटी द्या ना त्या दिवशी, आणि थोडं शिकवा पण. म्हणजे चूलही माझी, लाकडंही माझी, पाटावर तो.

शिकवलं. प्रत्येक हार्प एकाच पट्टीचा असतो, आणि ब्लूजमध्ये गाणं ज्या पट्टीत त्या पट्टीचा हार्प उचलायचाच नसतो, गाण्याच्या मध्यमाचा उचलायचा. गाणं ए मध्ये तर हार्प डीचा. नवखे इथेच मार खातात. घरी बोटांवर मोजायला वेळ असतो, स्टेजवर नसतो. अर्ल यासाठी रंगीत टेप लावायचा. मी टिकल्या लावते. आईने पार्सलमध्ये पाठवलेलं पाकीट होतं, तेव्हापासूनची सवय. ए च्या गाण्याला लाल, म्हणून डीच्या हार्पवर लाल टिकली. ई ला हिरवी, जी ला निळी. गाण्यांच्या यादीतही तोच रंग.

ब्रेंट लहान मुलासारखा खूश झाला. "लाल तर लाल, हिरवा तर हिरवा. हे मला जमेल." जमेल ना. डोकं सगळं माझंच चालणार आहे.

२१ जून, शनि.
तालीम. ब्रेंट टिकल्या बघून बघून वाजवतो. भयंकर नाही. त्याचाच जास्त राग येतो.

अमोलने यादी दिली. पहिलं गाणं 'साबणपाणी', माझं, भांडी घासायच्या दिवसांचं, अर्ल गेल्यावर केलेलं. ते ब्रेंट वाजवणार. मी तिसऱ्या गाण्यापासून, बाजूला उभी राहून.

नाहीच म्हणणार होते. जोएलने कोपऱ्यात घेतलं. बँड त्याचा, तो आणि तिघं फिलिपिनो, आठवड्याचे सहा दिवस वाजवतात, इंटरनॅशनल सिटी नावाच्या स्वस्त वस्तीत एका फ्लॅटमध्ये चौघं राहतात. तीन वर्षांपूर्वी इथला जुना मॅनेजर म्हणाला होता, ही बाई काय वाजवणार. तेव्हा मला हाताला धरून स्टेजवर नेलं ते जोएलने. म्हणाला, "नीला, जुलैअखेर आमचं काँट्रॅक्ट संपतंय. ओनर्स ऐकायला येतायत, त्यावर ठरणार. हॉटेलने नाही म्हटलं तर व्हिसा गेला, चौघांचा. एक दुपार. माझ्यासाठी."

हो म्हटलं. मनातून नाही.

२७ जून, शुक्र.
हार्प पुसून ठेवले. काही लिहायचं नाही.

२८ जून, शनि., संध्याकाळ
केलं ते लिहून ठेवते.

बाराला पोचले. काळी साडी, अर्लची कॅप. अमोल बघून म्हणाला, "ताई, पेटी स्टेजवर ठेवून द्या आणि तुमचा नंबर येईपर्यंत आतच बसा हं, फ्रंटला कॅमेरा आहे."

आत मेकअपच्या खोलीत बसले. पेटी मांडीवर. नखाने लाल टिकली काढली. मग हिरवी, मग निळी, सगळ्या. दोन मिनिटं लागली. मग बाहेर जाऊन पेटी स्टेजवर ठेवून आले.

ब्रेंट चढला. टाळ्या. यादीत 'साबणपाणी' पुढे लाल ठिपका आणि ए. पेटी उघडून बघत राहिला. उलटंपालटं करून बघितलं. जोएलने चार मोजले आणि त्याने घाईघाईने ए छापलेला हार्प उचलला.

बँड एका पट्टीत, हा दुसऱ्या. पाठ केलेलं तसंच वाजवत होता बिचारा, पण प्रत्येक सूर भलत्या घरात पडत होता. ओनर्सच्या टेबलावर काटेचमचे थांबले. एक मुलगी हसली. त्याने दुसरा हार्प घेतला, तोही चुकीचा. मी पडद्याच्या बाजूला उभी, त्याच्यापासून सहा पावलांवर. डी, एवढं एक अक्षर पुरलं असतं. नाही बोलले.

दुसऱ्या गाण्याच्या मध्येच तो थांबला, सॉरी म्हणाला आणि खाली उतरला. अमोलने हाताने खूण केली, खलास. पुढे स्पीकरवरची गाणी. माझा नंबर आलाच नाही.

बरं वाटलं. टॅक्सीत बसेपर्यंत बरं वाटत होतं.

२९ जून, रवि.
जोएलचा फोन. ओनर्सनी विचारलंय, हा बेसूर बँड कुणी ठेवला. ब्रेंटला कोण बोलणार, तो गेस्ट. काँट्रॅक्ट होल्डवर.

चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि चोर इथे बसून डायरी लिहितोय.

श्रीला सगळं सांगितलं. त्याने उठून दार लावलं. मग म्हणाला, "कुणी बघितलं का?" हा प्रश्न विचारला म्हणून त्याच्यावर ओरडले. मलाही आधी तोच सुचला होता.

१ जुलै, मंगळ.
कॅनडाचा राष्ट्रीय दिवस. इशाने गालावर लाल पान काढून फोटो टाकला.

अमोलकडे गेले. सांगितलं, बँडची चूक नाही, हार्पवरच्या खुणा मी काढल्या. तो ऐकत होता आणि एकीकडे मोबाईल बघत होता.
"टिकल्या?"
"हो."
"ताई, मी वर जाऊन काय सांगू, टिकल्यांमुळे शो पडला? ओनर्सना हार्प काय, टिकली काय. त्यांना एवढंच कळलं की बँड बेसूर."
"मग मी सांगते."
"नका. तुमचं पण वाजवायचं परमिट जाईल, माझं पण नाव येईल. तुम्ही मला काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. इन्शाल्ला होईल काहीतरी."

म्हणजे हा गप्प बसणार आणि इन्शाल्ला जोएल घरी जाणार. टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला.

३ जुलै, गुरु.
ब्रेंटचा निरोप, मग तो स्वतःच आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत. पेढ्याचा बॉक्स घेऊन. कुणीतरी त्याला सांगितलं म्हणे, महाराष्ट्रीय माणसाची माफी मागायची तर पेढे न्या. कुणी सांगितलं असेल? माफीला पेढे आमच्यात कधीपासून?

म्हणाला, "तुझं गाणं मी खराब केलं. खुणा पडल्या असतील, पण मला तरी कळायला हवं होतं. पोस्टरवर मी नको, तू पाहिजेस, हे मी अमोलला दोनदा म्हटलं होतं." त्याचे दोन हार्प ऑफिसातल्या मुलाला देऊन टाकले. परत वाजवणार नाही.

सांगितलं मी त्याला. तिथेच, उभ्या उभ्या. पडल्या नाहीत, मी काढल्या.

तो लाल झाला. पार्किंगच्या लिफ्टकडे न जाता दाराकडे गेला, उन्हात. पेढे माझ्या हातात राहिले. घरी कुणी खाल्ले नाहीत.

५ जुलै, शनि.
ब्रंचला बोलावणं नाही. दुपारी इंटरनॅशनल सिटीला गेले. जोएलच्या फ्लॅटमध्ये प्रथमच. हॉलमध्ये दोन पलंग, मध्ये गिटारी, खिडकीला फॉइल लावलेलं. बाकीचे तिघे बाहेर गेले, मुद्दामच असावं.

मी सुरुवात केली आणि त्याने पाकिटातून एक घडी केलेला कागद काढला. गाण्यांची यादी, त्या दिवशीची. तिच्यावर चिकटवलेल्या माझ्या टिकल्या. लाल, हिरवी, निळी, सगळ्या.

आरशावर होत्या, म्हणाला. मेकअपच्या खोलीत.

मला आठवतही नव्हतं. लहानपणापासूनची सवय, टिकली काढली की आरशाला लावायची. आईचा आरसा तसाच, मावशीचा तसाच. गुन्हा करतानाही हात सवयीने आरशाकडे गेला. ही अक्कल.

"कधी बघितल्यास?"
"शो बंद झाल्यावर लगेच. गिटारची केस घ्यायला आत गेलो."
"मग अमोलला का नाही सांगितलंस? त्याच दिवशी सांगितलं असतंस तर तुम्ही सुटला असतात."
"तुला स्टेजवर मी आणलं होतं."

मग गिटारची एक तार सैल करत, माझ्याकडे न बघता: "मला राग येत नाही असं वाटतं तुला? त्या पोस्टरचा मलाही आला होता. तीन वर्षं आम्ही वाजवतोय, आमचा एक फोटो नाही कुठे. पण नीला, तुझा पासपोर्ट कॅनडाचा, व्हिसा नवऱ्याचा. माझा व्हिसा हॉटेलचा आहे. मला राग आला तर मी तो स्टेजवर काढत नाही, घरी आणतो."

राग होता, पण कुणावर धरायचा ते कळेना. चहा केला त्याने. प्यायले. तो कागद घेऊन बसने परत आले.

७ जुलै, सोम.
हॉटेलच्या जनरल मॅनेजरला मेल लिहिला. अमोलचं नाव नाही. कुठल्या पट्टीला कुठला हार्प, खुणा कशा होत्या, कुणी काढल्या, सहा पावलांवर कोण उभं होतं आणि गप्प राहिलं. बँडला परत एकदा ऐका, सांगाल त्या पट्टीत ते वाजवतात, मी असो नसो. खाली आरशावरच्या टिकल्यांच्या कागदाचा फोटो.

श्री वाचून म्हणाला, "हे पाठवलंस तर इथे परत कुठल्याच हॉटेलात उभं करणार नाहीत." खरं आहे. इथे सगळे मॅनेजर एकमेकांना ओळखतात. हॅमिल्टनला परत जाऊन एकटीने सुरुवात करायचं वय नाही माझं. ओठ पूर्वीसारखे टिकत नाहीत.

इशा मागून वाचत होती. "आई, सेंड इट ऑर डोन्ट, बट स्टॉप बीइंग अँग्री ॲट द लॅपटॉप."

पाठवला.

मग पेटी काढली. टिकल्या कागदावरून सोडवून परत लावायला बसले. बाकीच्या चिकटल्या. लालचा डिंक गेलाय, तीनदा लावली, तीनदा पडली. पाकिटात नवी आहे, पण ती न घेता डीचा हार्प तसाच हातात घेऊन 'साबणपाणी' वाजवलं, शेवटपर्यंत, एकदाच. ओठ फुटला. वाजलं चांगलं, याचाही राग आला.

फोन वाजतोय. हॉटेलचा नंबर आहे. अमोलचा नाही, वरचा.