नळीच्या तोंडाची कड

प्रिय ताई,

तुझी रायफल विकली नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर भलतंच काहीतरी लिहीत बसेन आणि तू शेवटपर्यंत वाट बघशील. 'एवढं एक काम तरी धड कर' असं तू कळवून महिना झाला. रायफल इथं नीट पोचली, कागदपत्रांसकट. राग धरू नकोस, दमलोय मी.

मी सध्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे आहे. दिवसभर लाकडी दस्त्यांना पॉलिश कागद घासतो. खोलीवर आलो की बूट न काढताच पडतो. खिडकीसमोर दुसऱ्याची भिंत, तिच्यावर कुणीतरी खडूने सायकल काढलीय, तिला एकच चाक. दुसरं काढायचा त्याला कंटाळा आला असावा. मला तो माणूस आवडतो. असो.

मिस्त्री म्हणाला, "विकायच्या आधी ही मारते कुठं ते बघू. आंधळा घोडा कुणाच्या गळ्यात मारू मी?" मागच्या अंगणात पन्नास मीटरची जागा आहे. वाळूच्या पिशव्यांवर रायफल पक्की टेकवून त्याने पाच गोळ्या मारल्या. नेम हलायला जागाच नव्हती, तरी भोकं पेल्याच्या तोंडाएवढ्या जागेत विखुरली. "रायफल आहे का झारी?" तो हसला. मी भोकं पुन्हा मोजली.

तुला नेमबाजीच्या निवडीचा सामना आठवला असेल, याच रायफलीने खेळलेला. बारा वर्षं झाली. सरावात एकावर एक भोकं पाडणारी तू, आणि त्या दिवशी एक गोळी इकडे, एक तिकडे. परतताना गाडीत बाबा म्हणाले, "हात हलला तुझा. होतं असं." एवढंच. त्यानंतर तू रायफलीला शिवली नाहीस. भरलेला कप अजून दोन्ही हातांनी नेतेस, बघितलंय मी.

मिस्त्रीची एक पद्धत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाच गोळ्या मारायच्या, भोकांच्या कागदावर तारीख घालायची. "आधी स्क्रूला शिव्या घालायच्या, माणसाला सगळ्यात शेवटी," म्हणतो. नळी दस्त्याला धरून ठेवणारे स्क्रू खरंच ढिले निघाले. मी मनात म्हणालो, स्क्रूच असू दे. आवळले, भोकं तशीच. मग नळीवरची नेम धरायची माशी तपासली, ती घट्ट होती. मग काडतुसं बदलली, तीन वेगवेगळ्या डब्यांतली. काडतुसंच असू देत, म्हटलं. नाही. नळीत शिसं साचलं होतं, ते मागच्या बाजूने ब्रश घालून दोन दिवस काढलं. थोडा फरक पडला, पण थोडाच. मध्ये एकदा मीच म्हणालो, जाऊ दे, जुनी आहे, विकून टाकू. मिस्त्रीने चष्म्यावरून बघितलं. "तुला का एवढी घाई?"

शेवटी त्याने कापसाचा बोळा घेतला आणि नळीच्या तोंडाच्या कडेवरून हळूच फिरवला. एका जागी दोन तंतू अडकून राहिले. डोळ्याला दिसणारही नाही एवढी खोच. गोळी बाहेर पडताना मागचा वायू तिथून आधी निसटतो आणि तिला कलती करतो, असं त्याने समजावलं. "पक्कड लागलीय कुणाची तरी," म्हणाला. मी दस्त्यावर पॉलिश कागद घासत राहिलो.

ताई, ती पक्कड माझी होती. सामन्याच्या आदल्या दिवशी तुला खूश करायचं म्हणून मी रायफल साफ केली. मागचा बोल्ट काढता येईना, म्हणून चिंधी लावलेला साफसफाईचा गज पुढून, नळीच्या तोंडातूनच घातला. चिंधी आत अडकली. पक्कडीने ओढताना ती सटकली आणि कडेवर आपटली. बोटाने पुसलं, काही दिसलं नाही, गप्प बसलो. आणि बाबा 'हात हलला' म्हणाले तेव्हाही मागच्या सीटवर गप्पच बसलो. परवा तुझ्या लेकीने फोनवर सांगितलं, शाळेच्या नेमबाजीत नाव घालू नकोस असं तू तिला म्हणालीस, आपल्या घरात कुणाचा हात स्थिर नाही म्हणून. त्यानंतर मला झोप नाही. मिस्त्रीने लेथवर नळीचं टोक जरासं कापून नवी कड काढलीय. सोबतचा कागद बघ, पाचही भोकं तुझ्या अंगठ्याखाली झाकली जातील. विकायची की नाही ते तूच ठरव, पण आधी ये आणि पाच गोळ्या मार. मला जे काही बोलायचं असेल ते तू मग बोल. तुझा हात हलला नव्हता.

तुझाच, बारा वर्षं गप्प राहिलेला,
भिंगरी