चौकोनी बरणीच्या तळाचं मीठ

मी, गोदाबाई धाकू भोईर, वय अडुसष्ट, राहणार दिवा गावठाण, जिल्हा ठाणे, आज स्वतःच्या पायांनी जिना चढून वकील वैशालीताईंच्या कचेरीत आले आणि हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय तोंडी सांगून लिहवून घेते आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण माझी मोठी जाऊ सरोज गावभर सांगत फिरते की गोदी एका बरणीपायी भ्रमिष्ट झाली. वैशालीताई मध्येच म्हणतात, "मावशी, हे मृत्युपत्रात नाही येत." येऊ दे. मरायचंय मला, लिहायचंय त्यांना.

कलम १. माझे पती धाकू वारले. मला मूलबाळ नाही. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात सगळं संपलं. सासू म्हणायची, "हिची कूसच खारी, खाजणात भात कसा उगवंल?" सासू गेली, पण हे बोलणं अजून गावात चालू आहे. म्हणून ते इथे नोंदवते.

कलम २. माझं राहतं घर मी सरोजचा मुलगा, माझा पुतण्या दिपेश, याची बायको ऋतिका हिला देते. तिच्या एकटीच्या नावावर; दिपेशच्या नाही, सरोजच्या तर नाहीच नाही. अट एकच. सरोजच्या स्वयंपाकघरात फळीवर जी चौकोनी काचेची बरणी आहे, त्यातलं काहीही ऋतिकाने तोंडात घालायचं नाही. ही अट माझ्या मरणानंतर नाही, आत्तापासून. मृत्युपत्र असं चालत नाही म्हणे. मग कसं चालतं ते तुम्ही बघा, मला वेळ नाही. ऋतिकालाही नाही.

कलम ३. बरणीची ओळख. जमिनीची चतुःसीमा देतात तशी देते, म्हणजे दुसरी बरणी पुढे करून कोणी फसवायला नको. काच जाड, हिरवट, मध्ये बुडबुडे. गळा नाही, झाकण नाही. तोंडाला फडक्याचा दादरा बांधतात. चारही कोपऱ्यांवर उभी शिवण. आतून समोरासमोरच्या दोन भिंतींना उभ्या पट्ट्या, ज्यांत मसाला अडकतो आणि धुताना बोटं सोलतात. तळाला पांढरा, घट्ट थर.

ही बरणी सासऱ्यांनी कल्याणच्या भंगारवाल्याकडून आणली. त्याच साली आमचं मिठागर बंद झालं. शेवटच्या मिठाची ओंजळ त्यांनी तीत टाकली. तळाचा पांढरा थर म्हणजे तेच आगराचं मीठ, घराची बरकत, त्याला नख लावायचं नाही, असा आमच्यात नेम झाला. त्याच थरावर दरवर्षी कैरीचं लोणचं पडायचं. पोटुशी बाईला पहिली वाटी. मलाही दिली, मी मिटक्या मारत खाल्ली. वाटण्या झाल्यावर बरणी सरोजकडे गेली, पण माझा वाटा दर साली येत राहिला.

आता माझी मूत्रपिंडं गेली. ठाण्याच्या डॉक्टरांनी हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली, रक्त तपासलं, तर शिसं निघालं. "आजी, बॅटरीच्या कारखान्यात होतात का?" म्हणे. मी म्हटलं, आमचा जन्म मिठात गेला हो, बॅटरी कुठली!

तिथून परतताना टेंभी नाक्याजवळ जुन्या वस्तूंच्या दुकानात तश्शीच बरणी दिसली. आत करड्या पत्र्यांची चवड उभी, बरोबर त्या पट्ट्यांमध्ये. मी बरणीची किंमत विचारली. दुकानदार धनेश म्हणाला, "मावशी, बरणी नाही ही, बॅटरी आहे. प्लॅस्टिक यायच्या आधी अशी डबडी काचेची करायचे. वितळलेली काच लोखंडी साच्यात दाबायची, म्हणून कोपऱ्याला शिवण. पत्रे एकमेकांना लागू नयेत म्हणून पट्ट्या. पत्रे शिशाचे, पाणी तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं."

मी विचारलं, "आणि तळाला पांढरं?"

"शिशाचाच गाळ. धुतला तरी जात नाही, आंबटात मात्र उतरतो."

मीठ पाण्यात विरघळतं. आमच्या तळाचं इतक्या वर्षांत विरघळलं नाही, आणि मिठात हाडं घासलेल्या घरात एकाच्याही डोक्यात हे आलं नाही! या घरात दिपेश तेवढा जगला, कारण तो पोटात असताना सरोज भांडून माहेरी, मोहन्याला जाऊन बसली होती. ऋतिकाचं पहिलं गेल्या वर्षी गेलं. आता तिला परत दिवस आहेत.

मी सांगायला गेले नाही असं नाही. पाया पडले. चिमूटभर थर खरवडून द्या, तपासून आणते, म्हटलं. सरोज म्हणाली, "स्वतःचं पिकलं नाही, म्हणून माझ्या सुनेवर डोळा!" दिपेश म्हणाला, "काकी, म्हणजे आईने सगळ्यांना विष घातलं का?" अरे, तिने नाही रे, बरणीने! मी बरणीवर झडप घातली. त्यांनी मला दाराबाहेर काढलं आणि कडी लावली.

कलम ४. गंठण आणि बँकेतली शिल्लक ऋतिकाच्या औषधपाण्याला. मिठागरातलं लाकडी फावडं दिपेशला. त्याने आजाचं नाव घ्यायचं तर ते फावडं बघून घ्यावं. सरोजला काही नाही. तिच्यावरचा राग मात्र मी इथे सोडते, कारण तीही तेच लोणचं खात आली आहे.

कलम ५. घराचं नाव काढल्यावर दिपेश आणि ऋतिका दोघं आज इथे आली. लालूच म्हणा हवं तर. वैशालीताईंनी वरची कलमं मोठ्याने वाचून दाखवली. दिपेश खाली बघत होता. ऋतिका म्हणाली, "काकी, फोडी नाही खात मी, आंबट सोसत नाही. नुसता लोणच्याचा खार पिते. उलटी थांबते म्हणून आई रोज वाटी देतात."

मी विचारलं, कितवा?

"पाचवा लागला."

पुढची कलमं राहू देत. भांडीकुंडी कोणीही न्या. ऋतिका उठून उभी आहे, तिचं रक्त तपासायला आम्ही आत्ता निघतो. तिने माझा हात धरलाय. बाळ कालपासून हललं नाही म्हणते. सही कुठे करू ते लवकर दाखवा.

गोदाबाई धाकू भोईर (सही)

आमच्यासमक्ष सही केली, आणि शुद्धीत केली:
१. तानाजी केणे, शेजारी, दिवा गावठाण (सही)
२. रुचिता साळवी, कचेरीतील लेखनिक (सही)

ठिकाण: ठाणे
दिनांक: १८ जून २०२५