चौदा खाचा

देऊळघाट,
दि. ११ फेब्रुवारी २०२४

ती. वच्छलाताईस,

निवृत्तीचा सा. न. वि. वि. घरातले आम्ही चौदाही जण ठीक आहोत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

माझी अन्नपूर्णा गेल्याला परवा तीन महिने होतील. तुला माहीत आहे, ती कोणालाही भांड्यांना हात लावू देत नसे. सुना स्वयंपाक करत आणि भांडी ती घाशी. आता माझ्या दोन्ही सुना पुष्पांजली, अनुपमा आणि धाकट्या रामरावाची सून यांनी पाळ्या लावल्या आहेत. पाळी म्हटले की कुरबुर आलीच. कोणाच्या पाळीला पाहुणे आले, कोणी कढई भिजवून दुसरीवर ढकलली, कोणी टाकी रिकामी केली. नळाला नवव्या दिवशी पाणी येते, बोअरने मान टाकली आहे. मागच्या सोमवारी दीपक जेवता जेवता म्हणाला की बाबा, पाडव्याला आम्ही आपला गॅस वेगळा मांडतो, रोजची कटकट तरी मिटेल. रामराव घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. भावाभावांचे एकत्र जेवण आपल्या वडिलांपासून चालत आले आहे आणि ते भांड्यांवरून मोडणार, हे मला त्या वेळी खरे वाटेना.

लेकीला, प्राचीला, हे पुण्यात कोणी कळवले ते ठाऊक नाही. काल तिने भांडी धुण्याचे मशीन पाठवले. कपाटाएवढे आहे. बुलढाण्याहून माणूस येऊन जोडून गेला. मोरीशेजारी जिथे अन्नपूर्णाचा पाट असे, तिथेच ते बसले, कारण नळ आणि सांडपाण्याची वाट तिथेच आहे. आत खाली ताटांची जाळी, वर वाट्या-पेल्यांची. ताटांच्या जाळीला खाचा आहेत. मुलांनी मोजल्या, बरोबर चौदा भरल्या.

घरात कोणी हात लावायला तयार नाही, म्हणून चालवण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. पाडव्यापर्यंत हे जमले तर दीपकचा गॅस दुकानातच राहील असे मला वाटते.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा भाऊ,
निवृत्ती


खामगाव,
दि. २० फेब्रुवारी २०२४

चि. निवृत्तीस,

वच्छलाताईचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. दोनदा वाचलं आन् दोन्ही वेळा हसू आलं. ज्या माणसानं जन्मात सोताचं ताट उचललं नाही, तो आता चौदा जणांची भांडी घासून राह्यला! आपली माय असती तं पदराआड तोंड लपवून हसली असती. रागावू नको. तुले हसणारी आता मी एकटीच उरली.

दीपकले मी लहानपणी खांद्यावर घेऊन मोताळ्याचा बाजार दाखवला हाये. त्याले सांग, आत्या इचारत होती, गॅस वेगळा केल्यावर तुझी भांडी काय शेजारचे लोक घासतील? बायको तीच, पाणी तेच, मोरी तीच. मंग वेगळं काय झालं?

तू पाणी मोजणारा माणूस. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कालव्याच्या पाण्याची मोजदाद केली. मंग मोज की. मशीन किती पाणी पेते ते मले लिहून धाड. माझ्या सुनेचं म्हणणं हाये की ते यंत्र हौदच्या हौद रिकामा करते. मी म्हटलं, माझा भाऊ मोजून सांगल.

जेवत जा. अन्नपूर्णा नसली तरी भूक लागते, त्याच्यात लाजायचं काही नाही.

ताईची आठवण ठेव,
वच्छला


देऊळघाट,
दि. ६ मार्च २०२४

ती. ताईस,

सा. न. तू सांगितल्याप्रमाणे मोजले. मशीनची सांडपाण्याची नळी मोरीतून उचलून बादलीत सोडली आणि समोर स्टुलावर बसलो. साडेतीन तास लागले. आतून आवाज येतो तो मला ओळखीचा वाटला. रात्रभर बंद असलेल्या कालव्याच्या चारीत पाणी सुटले की लांबून असा आवाज येतो. पाणी थोडे थोडे येऊन थांबे. शेवटी मोजले तर बारा लिटर. आपली बादली पंधराची आहे, म्हणजे ती भरलीसुद्धा नाही. मला खरे वाटले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. पुन्हा बारा. दार उघडले तेव्हा गरम वाफ अंगावर आली आणि आत चौदा ताटे ओळीने उभी, एकाही ताटावर थेंब नाही. रामरावाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालून पाहिले. एकतीस वर्षे मी पाणी मोजले, पण एवढ्याशा पाण्यात एवढे काम झालेले पाहिले नव्हते.

गमतीचे सांगायचे तर रामरावाने आपला पितळी तांब्याही हौसेने आत ठेवला होता. तो काळा पडून निघाला. रामराव म्हणतो की तांब्या नांदुऱ्याच्या उन्हात फिरून आला.

पण ताई, टाकी तरीही रिकामी होते. कारण काल कळले. मशीनमध्ये लावण्याआधी सुना प्रत्येक ताट नळाखाली धुतात. बादली लावून मोजले, सात बादल्या. म्हणजे आधी हाताने धुवायचे आणि मग मशीनने. काम दुप्पट, पाणी जास्त. मी पुष्पांजलीला विचारले, तर ती म्हणाली की मामाजी, खरकटं कपाटात कोंडून ठेवत नसतात, आईंनी आम्हाले पहिल्या दिवशी हेच शिकवलं. त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि मशीन मध्येच थांबते, म्हणून ते सकाळी नऊनंतर लावावे लागते. म्हणजे रात्रीचे खरकटे रात्रभर घरात, तेही दार लावून. अनुपमा म्हणाली की बाबा, उद्या घरात काही वाईट झालं तर नाव आमचं येईल. ज्या घरात चार महिन्यांपूर्वीच वाईट झाले आहे, तिथे काही होणार नाही हे कसे सांगावे?

दीपकने काल खामगावहून गॅसच्या शेगडीची किंमत विचारून आणली.

आणखी एक गोष्ट लिहायची की नाही, ठरत नव्हते. खाचा चौदा आणि आपण चौदा, हे बरोबर जुळते असे मला वाटत होते. अनुपमा जाळी लावताना बोलून गेली की आई असत्या तर पंधरावं ताट कुठं ठेवलं असतं. पुष्पांजली लगेच म्हणाली की कुठं म्हणजे, आईंचं ताट कधी होतंच कुठं, त्या मामाजींच्या ताटात मागून जेवायच्या. तेव्हाही ताटं चौदाच पडायची.

मी अंगणात येऊन बसलो. ती गेली आणि घरातले एक ताटसुद्धा कमी झाले नाही.

तुझे दोन शब्द येऊ देत, वाट पाहतो.

निवृत्ती


खामगाव,
दि. १५ मार्च २०२४

चि. निवृत्तीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून हसू आलं नाही. आता मी सांगते ते नीट वाच आन् निम्मं पत्र सुनांले मोठ्यानं वाचून दाखव.

तुमच्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. तू कालव्यावर, महिन्यातून दोनदा घरी. मी बाळंतपणाले माहेरी आली होती. विहिरीत पाणी नव्हतं, टँकर चौथ्या दिवशी. तवा घरात पंधरा माणसं जेवत होती आन् अन्नपूर्णा ती सारी भांडी दोन बादल्यांत काढत होती. मी सोताच्या डोळ्यांनी पाह्यलं. नळ नाही, धार नाही. आधी उष्टं सारं म्हशीच्या टोपलीत. मंग नारळाच्या शेंडीनं कोरडंच खरडायचं, पाण्याचा थेंब नाही. मंग भांडी टोपल्याखाली झाकून ठेवायची, दोन्ही वेळची एकत्र, आन् सकाळी एकदाच धुवायची.

हाव, रात्रभर खरकटं घरात. आपली माय ओरडली तिच्यावर. अन्नपूर्णा खाली मान घालून म्हणे की आत्याबाई, लक्ष्मी भांड्यानं जाईल का नाही मले ठाऊक नाही, पण पाण्यावाचून पोरं जातील. मायनं तिले करू देल्लं. दुसऱ्या वर्षी पाऊस आला आन् अन्नपूर्णानं पुन्हा खरकटं ठेवू दिलं नाही. सुनांले तिनं पाऊसपाण्याच्या दिवसाची रीत शिकवली, तंगीची शिकवायची राह्यली. एवढंच झालं.

आता घरात वडील मीच उरली. म्हणून मी लिहून देते: पुष्पांजली, अनुपमा, आन् रामरावाची सूनबाई, खरकटं कोरडं खरडा, मशीनमंधी ठेवा, दार लावा आन् झोपा. काही वाईट झालं तं नाव वच्छलाबाईचं. खाली सही करते.

इथून पुढचं वाचून दाखवू नको.

त्याच वर्षी मी तिले इचारलं होतं की तुझ्या बापानं तुले नाव घातलेलं स्टीलचं ताट देल्लं, ते पेटीत काऊन ठेवतं, आन् नवऱ्याच्या उष्ट्यात काऊन जेवतं? मले वाटलं, म्हणंल की रीत हाये. तं ती म्हणाली, ताई, एक ताट कमी म्हणजे एक तांब्या पाणी कमी. मंग तेच अंगवळणी पडलं असंल. पाऊस आला तरी तिनं ताट काढलं नाही आन् तुले कोणी सांगितलं नाही. तू इचारलंही नाही. मी तुले बोल लावत नाही. पेटी उघडून पाह्य, एवढंच.

सांभाळून राह्य, रे बाबा.

वच्छला (सही)


देऊळघाट,
दि. १२ एप्रिल २०२४

ती. ताईस,

सा. न. पाडवा होऊन तीन दिवस झाले, आता निवांत लिहितो.

तुझे पत्र मी त्याच संध्याकाळी सर्वांसमोर वाचले. तू सांगितले तिथे थांबलो. पुष्पांजलीने तुझी सही बघायला मागितली, मी मधला मजकूर दुमडून ती दाखवली. मग अनुपमा उठली, नारळाची शेंडी घेऊन आली आणि खरडायला बसली. पहिल्या रात्री कोणाला नीट झोप लागली नसावी, कारण सकाळी सगळ्याजणी मशीनसमोर माझ्याआधी हजर होत्या. दार उघडले. रामरावाची सून आत तोंड घालून म्हणाली की बाप्पा, वास सुद्धा नाही. काहीही वाईट झाले नाही. उलट त्या दिवशी नळाला एक दिवस आधी पाणी आले, त्याचे श्रेय मुलांनी खामगावच्या आत्याला देऊन टाकले.

आता अशी पद्धत बसली आहे. दिवसाचे डबे आणि बशा वरच्या जाळीत थांबतात. रात्री जेवण झाले की ताटे खालच्या जाळीत. जागा रिकामी असेल तर मशीन लावायचे नाही. सकाळी नऊनंतर एकदाच, सर्वांत कमी पाण्यावर, वेळ लागला तर लागू दे. मोठी पातेली, कढई, तवा आणि पितळेचे हाताने. हाताची भांडी मी आणि रामराव घासतो. दोघांना मिळून पाऊण तास लागतो. पहिल्या दिवशी गल्लीतले लोक फाटकातून बघून गेले, आता कोणी थांबत नाही.

मी पाणी मोजले. मशीनचे बारा लिटर, हाताचे अठरा. तीस लिटर, म्हणजे आपल्या दोन बादल्या. ताई, मी तीन दिवस मोजले. तिन्ही दिवस दोनच बादल्या. प्राचीने पाठवलेल्या या यंत्रात काय काय आहे, ते मला समजत नाही. पाणी किती घाण आहे हे त्याला कळते म्हणतात. आणि एवढे करून ते जिथे येऊन पोचले, तिथे अन्नपूर्णा पाटावर बसून सदतीस वर्षांपूर्वी पोचली होती. मी त्या वर्षी कालव्यावर हेक्टरी पाणी मोजत होतो. घरचे मोजले असते तर तेव्हाच पाहिले असते.

दीपक पाडव्याच्या सकाळी माझ्याकडे आला. मला वाटले, आता सांगेल. तो म्हणाला की बाबा, श्रीखंडाचे पातेले मशीनमध्ये बसत नाही, ते मी घासतो. शेगडीचे तो काही बोलला नाही, मीही विचारले नाही. गुढीखाली चौदाजण एका पंगतीला बसलो.

त्याच्या आदल्या दिवशी मी पेटी उघडली होती. ताट तळाशी होते, तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात. कधी वापरलेलेच नाही. काठाला कोरले आहे: चि. अन्नपूर्णा हिस वडिलांकडून, मोताळा, १९८४. अक्षरे कालच कोरल्यासारखी स्वच्छ आहेत. माझे ताट मी त्याच तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवले. पाडव्याला त्या ताटात जेवलो आणि रोज त्यातच जेवतो. पुष्पांजलीने वरण जरा जपून वाढले, नाव झाकले जाणार नाही असे.

खाचा चौदाच लागतात. तिचे ताट काठच्या खाचेत असते. सकाळी मशीन उघडले की बाकीची ताटे सुना काढतात, ते मी काढतो. चांगलेच गरम असते. पुरते निवेपर्यंत मी ते धरून उभा राहतो आणि मग फळीवर ठेवतो.

तू मेमध्ये ये. तुझ्यासाठी पंधरावे ताट काढू. ते मी हाताने घासेन.

तुझा,
निवृत्ती