बाकावरची टकटक

प्रिय दादा,

आज कॉलेजात माझ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची अखेरची हजेरी घेतली. या वर्गाने तीन वर्षं कधी 'हजर' म्हटलं नाही. नाव घेतलं की बाकावर टकटक करायची. सुरुवातीला मी रागावले, तेव्हा वर्गातला वात्रट म्हणाला, "मॅडम, आमचे घसे बसलेत." पुढे कळलं, एक मुलगी बोलताना तुझ्यासारखीच अडखळते. ती एकटी पडू नये म्हणून सगळ्यांनीच तोंड मिटलं होतं. या पोरांना हे कुणी शिकवलं, देव जाणे.

आज तिचं नाव घेतलं आणि टकटक आली नाही. ती उभी राहिली होती. "ह... ह..." कुणी हललं नाही, कुणी शब्द पुरा करून दिला नाही. मीही थांबले. शेवटी तो शब्द आला.

"चला, एकीचा तरी घसा मोकळा झाला," वात्रट म्हणाला. सगळ्यांत आधी तीच हसली.

दादा, या एका शब्दापायी तू कॉलेज सोडलंस, आणि फोनवर अजून वहिनीलाच पुढे करतोस. हे पत्र टाकत नाही. रविवारी मीच येते. वहिनीला म्हणेन, "तू जरा आत बस." मग दादा, तू बोल. मला कसलीच घाई नाही.

तुझी धाकटी