उजव्या पापणीचे टाके

धुळे, ४ डिसेंबर २०२४

चि. सौ. सारिकास,
अ. उ. आशीर्वाद.

फोनऐवजी चिठ्ठी पाठवते, कारण तुझा फोन आधी नवलराव उचलतात. सुपडूभाऊ डाळ मिलचा माल भरायला एक दिवसाआड जळगावला टेम्पो नेतात, तेच ही तुझ्या हातात देतील.

काल ते बाजरीचं पीठ द्यायला पिंप्राळ्याला आले, तर पिशवी नवलरावांनी दारातच घेतली म्हणे. तू आत उभी होतीस. सुपडूभाऊ म्हणाले, तिना डोया काया-निया व्हयेल शे. डोळा काळा-निळा कशाने झाला ते खरं लिही. गोड लिहू नकोस.

तुझी काळजी करणारी,
अक्का

पिंप्राळा, जळगाव, ५ डिसेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काळजीसारखं काही नाही. सोमवारी पापणीचं ऑपरेशन केलं. उजवी पापणी बाहुलीवर उतरली होती. सुईत दोरा ओवायला हनुवटी वर करावी लागे, आणि दोन ब्लाऊज वाकड्या शिवणीमुळे परत आले. तुला सांगितलं असतं तर तू लगेच निघाली असतीस, ते यांना चाललं नसतं.

डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, की पहिले दोन-तीन दिवस सूज वाढेल, काळं-निळं गालावर उतरेल, मग हिरवं-पिवळं होत दोन आठवड्यांत जाईल. झोपेत डोळा पुरता मिटत नाही, म्हणून मलम घालते. दोन उशा घेते, बर्फाचा शेक देते, खाली वाकत नाही. दिसायला कमी झालं किंवा एकदम ठणका लागला तरच दवाखान्यात धावायचं. दहा तारखेला टाके निघतील. अजून डोळ्यातून पाणी येतं, अक्षर सांभाळून घे.

माया अशीच राहू दे.
तुझी सारिका

धुळे, ६ डिसेंबर

चि. सौ. सारिकास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. फार नीट लिहिली आहेस, कोणी शेजारी बसून सांगितल्यासारखी. बर्फाचा शेक सात वर्षांपूर्वीही चालू होता. तेव्हा तू मोरीत पाय घसरून पडली होतीस. आणि तुला एक साडी घेताना महिनाभर विचार करणारे नवलराव पापणीसाठी दवाखान्यात नेतात, हे मला पटत नाही. ऑपरेशन झालं असेल तर दवाखान्याचा कागद असेल. तो पाठव. राग आला तरी पाठव.

अक्का

पिंप्राळा, ७ डिसेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हे पाळीवर गेलेत म्हणून लिहिते. कागद सोबत आहे. ऑपरेशन खरं आहे. यांनी नेलं नाही, मीच हट्टाने गेले. हे बाहेर बाकावर बसले होते.

तपासताना डॉक्टरबाईंनी विचारलं की पापणी जन्मापासून अशी आहे का. मी नाही म्हटलं. मग काय लागलं होतं, म्हणाल्या. मी मोरीचं सांगणार होते, पण तोंडातून खरं निघून गेलं. त्यांनी ते लिहून घेतलं. तिसऱ्या ओळीत आहे, वाच.

सात वर्षांपूर्वीच्या त्या मारानंतर यांनी पुन्हा हात उचलला नाही. पण भांडं आपटलं की मी अजून मान वळवते. आणि डॉक्टरांनी काय विचारलं, तू काय सांगितलंस, हे यांचं सोमवारपासून चालू आहे. म्हणून कागद घरात नको. तुझ्याजवळ ठेव. तुझ्यापासून एवढी वर्षं लपवलं, क्षमा कर.

सारिका

धुळे, ८ डिसेंबर

चि. सारिका,
अनेक आशीर्वाद.

तिसरी ओळ वाचली. कागद माझ्या कपाटात, कुलपात आहे.

क्षमा तू मागू नकोस. मोरी मला तेव्हाही पटली नव्हती. आईचं आजारपण होतं, घरात आणखी एक संकट नको म्हणून मी पटल्याचं दाखवलं. चार दिवस तुझ्याकडे राहिले आणि एकदाही विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी नऊच्या आत मी दवाखान्याच्या दारात असेन. नवलरावांना सांग, टाके काढायला अक्का नेते आहे. त्यांनी बाकावर बसायची गरज नाही. टाके निघाल्यावर पिंप्राळ्याला जायचं की माझ्यासोबत धुळ्याला, हे तू सांगायचं. कुठंही जायचं म्हणालीस तरी मी सोबत येईन, आणि या वेळी विचारल्याशिवाय परतणार नाही.

तुझीच,
अक्का