विकलेला खेळ विकला कधी?

जोगेश्वरी (पूर्व)

आदरणीय चंद्रप्रकाश मामांना भाचा प्रबुद्धचा मनापासून जयभीम.

इकडे आम्ही दोघं मजेत. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? नुसतं तेल चोळून काही होणार नाही, डॉक्टरला दाखवा, असं नीलम म्हणते. (तेल तिनेच पाठवलं होतं, पण ते असो.) परवा फोनवर तुम्ही "दुकान चालतंय ना?" विचारलंत आणि मी "चालतंय" म्हणून विषय वाशीमच्या उन्हाकडे नेला. आता सविस्तर सांगतो. पत्रात तुम्हाला मधेच बोलता येत नाही.

जो खेळ घरबसल्या फोनवर उतरवता येतो तो विकायला दुकान कशाला, हे तुम्ही उद्घाटनाच्या दिवशीच सगळ्यांदेखत विचारलं होतंत. तर मामा, काही लोकांना हातात डबा लागतो. डब्यात आता फक्त एक कागद असतो, त्यावर कोड. (डबा केवढा आणि कागद केवढा, ते विचारू नका.) फेब्रुवारीत आमच्या वितरकाचा माणूस मिथुन साकीनाक्याच्या गोदामातून आला आणि म्हणाला, "प्रबुद्धभाऊ, नवीन ऑनलाइन गेम येतोय. तुमचा आकडा चांगला दिसला नाही तर पुढचा माल बंद." खेळाचं नाव इंग्रजी आणि भयंकर आहे, मराठीत ‘राखेचं राज्य’ म्हणू. माल बंद म्हणजे मोबाईलची कव्हरं विकणं आलं, आणि कव्हरवाले आमच्या एका गल्लीत आधीच सात आहेत.

आकडा म्हणजे आगाऊ बुकिंग, असं मी धरून चाललो. नाक्यावरच्या पोरांनी केलं. मग नीलमने विहारातल्या बायकांना गाठलं आणि त्यांनी ‘आपल्या प्रबुद्धचं दुकान आहे’ म्हणून पटापट नावं दिली. तळमजल्यावरच्या जयंतीबाई (महापालिकेच्या इस्पितळातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या) कुकर समजून बुक करून गेल्या, हे मला फार उशिरा कळलं. शंभराच्या वर बुकिंग झालं तेव्हा मी मिथुनला चहा पाजला. चहा संपवून तो म्हणाला, "भाऊ, ही नुसती सुपारी फुटली. लग्न अजून लागायचंय."

एप्रिलमध्ये खोके आले. त्याच दिवशी कंपनीने जगाला सांगून टाकलं की इतके लाख डबे खपले. मी खोक्यांकडे बघितलं, चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. मिथुनला फोन केला तर म्हणाला, "दुकानात पोचला की कंपनीच्या लेखी विकला." म्हणजे आपले सगळे विकले की! तर नाही. मला मोजताना गिऱ्हाईकाने नेलेला डबाच विकलेला. तोही कच्चा. गिऱ्हाईकाने घरी जाऊन कोड टाकला, खातं उघडलं, की मग पक्का. मामा, जगाला सांगायला सगळ्यात मोठा आकडा आणि दुकानदाराला विचारायला सगळ्यात लहान, अशी ही झकास पद्धत आहे.

पहिल्याच दिवशी माझी वाट लागली. पोरांनी बुकिंग रद्द केलं. मी शटर वर करेपर्यंत कोण थांबणार, त्यांनी घरीच उतरवून घेतला. आल्या त्या बायका. एकूण एक आल्या. जयंतीबाईंनी डबा हलवून बघितला, आत कागद खुळखुळला. "यात शिट्टी कुठाय रे?" म्हणाल्या. मी खरं काय ते सांगितलं, नाव काढून टाकतो म्हटलं. त्यांनी पर्स उघडली. मग म्हणाल्या, "बुक केलं म्हणजे केलं. दे." मामा, मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की काऊंटरखाली काहीतरी शोधल्यासारखं केलं.

पुढचा आठवडाभर मी घरोघर कोड टाकत हिंडलो. राक्षस आला की तलवार कशी चालवायची हेही शिकवलं. ते कुणी मनावर घेतलं नाही. त्या राज्यात एक विहीर आहे, बायका दुपारी तिच्याभोवती जमतात आणि माईक चालू ठेवून बोलत बसतात. जयंतीबाई तर हातातली तलवार टाकून ओळखीपाळखीशिवाय कुणाही जखमी खेळाडूला पट्ट्या बांधत सुटल्या. ब्राझीलचा कोण एक पोरगा त्यांना रोज शोधत येतो. (भाषा कळत नाही, तरी त्याला त्या रागावतात आणि तो ऐकतो.)

गेल्या सोमवारी मिथुन आला, चेहरा एकदम गोंधळलेला. म्हणाला, "भाऊ, तुमच्या दुकानाच्या कोडवरून एक राक्षस मेलेला नाही. पण लोक रोज येतात आणि तासन्‌तास हलत नाहीत. असं दुसरीकडे कुठेच नाही." आणि आता कंपनी म्हणे तेच मोजते, किती डबे गेले त्यापेक्षा किती माणसं परत आली. माल चालू राहणार. मी ही बातमी जयंतीबाईंना सांगायला गेलो, तर त्यांनी हातानेच ‘थांब’ केलं. पट्टी अर्धी बांधून झाली होती.

तेव्हा काळजी नसावी. दुकान चालतंय.

तुमचा,
प्रबुद्ध

ता. क. : पत्रासोबत एक डबा पाठवला आहे. तो शेवटचा. महिना संपायच्या आत तेवढा कोड तुमच्या फोनवर टाका, म्हणजे माझा आकडा पुरा होईल. खेळलंच पाहिजे असं नाही, रोज एकदा आत जाऊन उभे राहिलात तरी पुरे.

ता. क. २ : मामा, मी नीलम. ह्यांना न सांगता लिहिते. तुमच्या फोनवर कोड टाकायला जाऊ नका, तिथे खेळ आधीच आहे, मामींनी घरीच उतरवून घेतलाय. तुम्ही दुपारी झोपलात की मामी खेळतात, भीमजयंतीपासून. म्हणून हा डबा मामींना द्या आणि त्यांना त्यांचा स्वतःचा फोन घेऊन द्या, संध्याकाळी फोन तुमच्या हातात असतो तेव्हा आमची फार पंचाईत होते. जोगेश्वरीच्या बायकांनी एकही राक्षस मारला नाही हे खरं आहे. विहिरीकडे येणारे सगळे वाशीमच्या मामी मारतात.